जळगाव की माचाला? इक्वेडोरचं राहणीमान आपल्यापेक्षा खरंच वरचं आहे का?

मृगबाग

मंडळी, घरात हा एकच विषय चालू आहे, म्हणून इथं टाकतोय. माझा भाचा कृषी अभियंता. ठिबकच्या कामात मुरलेला, आपल्या फैजपूर-सावदा पट्ट्यातल्या बऱ्याच बागा त्यानं उभ्या केल्यात. त्याला दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरहून नोकरी आलीय. माचाला नावाचं शहर आहे, एल ओरो प्रांतात. तिथल्या केळीच्या मळ्यांवर पाणी आणि खत सोडायची यंत्रणा बघायची. दोन वर्षांचा करार, पगार डॉलरमध्ये.

भाचा म्हणतो, मानव विकास निर्देशांकात इक्वेडोर ८८ वा आणि आपण १३० वे. माणशी उत्पन्न आपल्या अडीचपट, सरासरी आयुष्य पाच वर्षांनी जास्त. "मामा, तो देश आपल्या पुढं आहे, तुम्ही उगाच घाबरताय." बहिणीचं एकच पालुपद, "तिथं बंदुका घेऊन टीव्हीच्या स्टुडिओत शिरतात, मी बघितलंय."

माझं मत सांगतो. दोन्ही देश विकसनशीलच. मग आपल्या घरची बाग, चार माणसं आणि ओळखीचा डॉक्टर सोडून जाण्याएवढं तिकडं काय आहे? कोणी राहिलंय का तिकडं? आकडे नकोत, ते भाचा रोज ऐकवतो. रोजचं जगणं कसं आहे ते सांगा.

भरीतप्रेमी

तिकडं भरताची वांगी मिळतात का हे आधी विचारा. नसतील तर निर्देशांक गेला खड्ड्यात.

रानफूल

मृगबाग दादा, मी भुसावळची. नवऱ्याच्या कामामुळं काही वर्षं क्विटोत काढली. माचाला किनाऱ्याकडचं, क्विटो डोंगरातलं, त्यामुळं माझं सगळं तिथं लागू होईलच असं नाही.

क्विटो २,८५० मीटर उंचीवर आहे. पहिले काही आठवडे जिना चढला की धाप लागायची. पण हवा बारा महिने आपल्या जानेवारीसारखी. पंखाच नव्हता घरात. भुसावळचा मे महिना काढलेल्या बाईला याचं काय वाटलं असेल ते समजून घ्या.

रोजचं म्हणाल तर घरगुती गॅसवर सरकार इतकी सूट देतं की १५ किलोचं सिलिंडर दारात यायचं ते तीन डॉलरच्या आत-बाहेर. साध्या खानावळीत दुपारचं जेवण अडीच-तीन डॉलर: सूप, भात, त्यावर घेवड्याची किंवा मसुराची आमटी, मांसाचा तुकडा आणि फळाचा रस. तुकडा नको म्हटलं की बाई काळजीनं विचारायची, तब्येत बरी नाही का? मेट्रो २०२३ च्या डिसेंबरात सुरू झाली, तिकीट ४५ सेंट. स्वच्छ, वेळेवर.

नोकरीची पक्की नोंद असेल तर सामाजिक विमा असतो. कामगाराच्या पगारातून ९.४५ टक्के कापतात, मालक त्याहून जास्त भरतो, आणि दवाखाना त्यावर. तारीख मिळायला महिने लागतात हेही खरं. डिसेंबरात तेरावा पगार आणि वर्षातून एकदा चौदावाही. हे कायद्यानं, मालकाच्या मर्जीनं नाही. माझ्याकडं घरकामाला येणाऱ्या बाईलाही ते द्यावं लागायचं. आपल्याकडं भांडीवालीला दिवाळीला एक पगार दिला की आपण किती मोठेपणा मिरवतो!

आता दुसरी बाजू. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला दाराऐवजी लोखंडी जाळी. गिऱ्हाईक रस्त्यावर, दुकानदार आत. पैसे जाळीतून द्यायचे, ब्रेड जाळीतून घ्यायचा. वीसची नोट दिली तर तो ती उजेडाकडं धरून बघणार आणि सुटे नाहीत म्हणून परत करणार. पन्नास-शंभरची तर कोणी हातातही धरत नाही. मोबाइल रस्त्यात काढायचा नाही, टॅक्सी हात करून थांबवायची नाही. सवय होते. माहेरी आल्यावर पहिल्यांदा रात्री दहाला वहिनीबरोबर कुल्फी खायला चालत गेले तेव्हा कळलं की कुठली सवय लागली होती.

कापूसकोंड्या

ताई, तेरावा-चौदावा पगार वाचून इथल्या पतसंस्थेतला आमचा एक मित्र सकाळपासून गप्प बसलाय. त्याचा अकरावा अजून यायचाय.

मोजपट्टी

धागालेखकांनी आकडे नकोत म्हटलंय, पण एक सांगतोच, कारण भाच्याच्या आकड्यांत तो नाही. इक्वेडोरची लोकसंख्या साधारण १.८ कोटी. २०२३ मध्ये तिथं आठ हजारांच्या आसपास खून झाले, म्हणजे लाखामागं चव्वेचाळीस-पंचेचाळीस. आपल्याकडं २०२२ ची नोंद २८,५२२, १४० कोटींमध्ये. लाखामागं दोन. हा फरक एकोणीस-वीसचा नाही, वीसपट आहे.

आणि हे कायमचं नाही. सात-आठ वर्षांपूर्वी तोच देश दक्षिण अमेरिकेतल्या शांत देशांत मोजला जायचा, लाखामागं सहाच्या आत. शेजारी कोलंबिया आणि पेरू, दोन्हीकडं कोकेन तयार होतं. ते युरोपला न्यायला ग्वायाकिलचं बंदर सोयीचं, म्हणून टोळ्यांनी ते धरलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये फर्नांदो विलाविसेन्सिओ या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला सभेतून बाहेर पडताना गोळ्या घातल्या. बहिणीनं टीव्हीवर पाहिलं ते ९ जानेवारी २०२४ चं, ग्वायाकिलच्या वाहिनीतलं. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष दानिएल नोबोआ यांनी देशात अंतर्गत सशस्त्र संघर्ष जाहीर केला. निर्देशांकात आयुष्य, शिक्षण आणि उत्पन्न मोजतात. भीतीला त्यात रकाना नाही.

तापीकाठ

मी केळीचा माणूस, केळीतूनच बोलतो.

जगात सगळ्यात जास्त केळी आपण पिकवतो आणि सगळ्यात जास्त निर्यात ते करतात. आपली केळी देशातच खाल्ली जाते. बाहेर जाते ती बहुतेक इराण, इराक, आखातात. त्यांची युरोप, अमेरिका, रशिया. कारण माल पिकवण्यात नाही, तोडल्यानंतरच्या कामात आहे. तिकडं बागेतून तारेवरचा मार्ग असतो, घड खांद्यावरून न नेता लटकवून थेट धुण्याच्या हौदापर्यंत ओढत नेतात. डाग नाही, चीर नाही. आपल्याकडं अजून बऱ्याच ठिकाणी घड कापला, डोक्यावर घेतला, बांधावर रचला, ट्रकमध्ये पाला टाकून भरला. आता रावेर-यावलकडं पॅकहाऊस वाढलीत, जी-नाईन जातीची रोपं आहेत, जळगावच्या केळीला २०१६ ला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी मधलं अंतर मोठं आहे.

दुसरं, भाव. तिकडं सरकार दरवर्षी पेटीचा किमान भाव ठरवतं. २०२५ साठी १९.५ किलोच्या पेटीला ७.२५ डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर क्विंटलला तीन हजारांच्या वर. आपल्याकडं बोर्डावर एक भाव, बागेत दुसरा, आणि बुऱ्हाणपूरच्या केळीबाजारात मंदी आली की इकडं व्यापारी फोन उचलत नाही. माझी कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी) गेल्या खेपेला चांगल्या भावात सुरू झाली आणि शेवटचे घड हजाराच्या आत गेले. एकाच बागेत, एकाच हंगामात.

आणि वादळ! विषुववृत्तावर चक्रीवादळं पोचत नाहीत. मे-जूनमध्ये निसवलेली, घड बाहेर पडलेली बाग एका संध्याकाळी आडवी झालेली ज्यानं पाहिलीय, त्याला याची किंमत कळेल. मृगबाग, तुमच्या भाच्यानं शेतकरी म्हणून विचार केला तर तो देश वरचाच आहे.

सातपुडा

तापीकाठ आप्पा, तुम्ही बागायतदाराचं बोललात, मजुराचं कोण बोलणार?

तिकडच्या मळ्यांवर करप्यासाठी विमानातून फवारणी होते. खाली माणसं काम करत असल्याच्या, झोपड्यांवर औषध पडल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. मळ्यांवरच्या बालमजुरीवर आंतरराष्ट्रीय संस्थांनी २००२ पासून लिहिलंय. आणि तो ७.२५ चा भाव मोठ्या निर्यातदाराशी करार असलेल्यालाच पूर्ण मिळतो. मंदीत छोट्या शेतकऱ्याला त्याच्या निम्म्यातही माल द्यावा लागतो, मग ते रस्ते अडवतात. ओळखीचं वाटतं ना?

मूळ प्रश्नाबद्दलही एक हरकत. "आपण" म्हणजे कोण? मी धडगाव तालुक्यात मास्तर आहे. आमचा नंदुरबार हा केंद्रानं मागास म्हणून निवडलेल्या राज्यातल्या चार आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच जिल्ह्यात टेंभलीला दिलं गेलं. पण आमच्या वरच्या पाड्यांवर आजही बाळंतिणीला झोळी करून खाली आणतात. ऊसतोडीच्या हंगामात माझा अर्धा वर्ग रिकामा असतो. फैजपूरचा बंगला आणि हा पाडा, दोन्ही खान्देशच. तिकडंही क्विटोचा मेट्रोवाला आणि चिंबोराझोकडचा डोंगरातला मूलनिवासी शेतकरी एका सरासरीत बसवलेत. पाच वर्षांखालच्या खुजट मुलांचं प्रमाण आपल्याकडं ३५.५ टक्के, त्यांच्याकडं लहान मुलांत साधारण पाचातलं एक. त्यांच्यापेक्षा कमी उत्पन्न असलेल्या देशांनीही यात जास्त सुधारणा केलीय, म्हणून तिकडं ती राष्ट्रीय लाजेची गोष्ट मानतात. आपल्याकडं ती बातमीच्या आतल्या पानावर.

तापीकाठ

मास्तर, मजुराचं बरोबर. पण तिकडं २०२५ मध्ये किमान पगार महिना ४७० डॉलर होता, चाळीस हजार रुपये. आमच्याकडं केळी कापणीला गडी चारशे-पाचशे रोजानं येतो, तोही रोज काम असेल तर. बाईला त्याहून कमी. हा फरक कसा नाकारणार?

रानफूल

आप्पा, ४७० कागदावर. निम्म्याहून जास्त लोक नोंदणी नसलेल्या कामात आहेत, त्यांना ना तेरावा ना विमा. आणि तिथं दूध, औषध, शाळेचे बूट सगळं डॉलरच्या भावात. चाळीस हजारांत जळगावला घर चालतं तसं ४७० मध्ये तिकडं चालत नाही.

कापूसकोंड्या

पण डॉलर कशाला घेतला त्यांनी? स्वतःच्या नोटा छापायला शाई संपली?

मोजपट्टी

शाई जास्त झाली होती. १९९९ च्या मार्चमध्ये बँका बंद करून लोकांच्या ठेवी गोठवल्या. त्यांचं चलन सुक्रे घसरत घसरत डॉलरला २५,००० झालं. २००० च्या जानेवारीत सरकारनं डॉलरच स्वीकारायचं ठरवलं. पेन्शनरांची आयुष्यभराची पुंजी त्या भावात बदलून मूठभर डॉलर झाली. लाखो लोक स्पेन-अमेरिकेला गेले. पण त्यानंतर काही वर्षांत महागाई आटोक्यात आली, म्हणून आज तिथं कुठलाही पक्ष डॉलर काढायचं नाव घेत नाही.

लांडोर

ठेवी गोठवल्या, रांगा लागल्या, पुंजी बदलून घ्या... २०१६ चा नोव्हेंबर आठवला हो. तेव्हा आमच्या गल्लीतले एक

व्यवस्थापक

लांडोर, उरलेला प्रतिसाद उडवला आहे. राजकारणाचा धागा वेगळा आहे, तिकडं भांडा.

भरीतप्रेमी

लांडोर ताईंची ठेव गोठली.

वाघूर

कोणी विजेबद्दल बोललंच नाही. इक्वेडोरची बहुतेक वीज पाण्यावर. २०२४ मध्ये दुष्काळ पडला, पाउते नदीवरची धरणं आटली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काही भागांत दिवसाला चौदा तासांपर्यंत भारनियमन होतं. राजधानीतसुद्धा. "आपल्या पुढं" असलेल्या देशाचं हे चित्र.

आपल्याकडं दीपनगरचं औष्णिक केंद्र आहे. धूर आमच्या वाट्याला, वीज राज्याला, पण दिवा लागतो.

तापीकाठ

दिवा लागतो गावात. शेतीला थ्री फेज आठ तास, त्यात आठवड्यातून काही दिवस रात्रीची पाळी. यावलकडच्या आमच्या शिवारात बिबट्या फिरतो. रात्री दोनला पंप सुरू करायला जाताना मी आणि गडी बॅटरी लावून, मोबाइलवर मोठ्यानं भजनं लावून जातो. खून लाखामागं दोन असतील, पण त्या वेळेला मला ते कोणी पटवून दाखवा.

गिरणामाय

बठा लोके पैसाकडे देखतस, पानीकडे कोनी देखत नही. आमना गावले नळले पानी कवय येई हाई देवले बी माहीत नही. रानफूल ताई, तठे नळनं पानी कसं शे?

रानफूल

गिरणामाय, क्विटोत चोवीस तास यायचं. कुएंका म्हणून शहर आहे, तिथं लोक नळाला तोंड लावून पितात. अमेरिकेतले म्हातारे निवृत्त होऊन तिथं राहायला येतात ते हवा-पाणी बघूनच. किनाऱ्याकडं मात्र जारचं पाणी, आणि ग्वायाकिलच्या झोपडपट्ट्यांत टँकर. टँकर, ड्रमची रांग, भांडणं, सगळं आपल्यासारखंच.

पुणेकर खान्देशी

मला हा सगळा सूर जरा पटत नाहीये. तिकडचा हिंसाचार बराचसा टोळ्यांचा आपसांतला आहे. परदेशी अभियंता सकाळी कंपनीच्या गाडीतून जाणार, संध्याकाळी कुंपणाच्या आतल्या वसाहतीत येणार. त्याला काय होतंय? आपल्याकडं रस्त्यावर वर्षाला दीड लाखाच्या वर माणसं मरतात, त्याची कुठल्या आईला झोप उडत नाही. जळगाव-धुळे रस्त्यावर दुचाकी चालवणारा भाचा मामांना सुरक्षित वाटतो, माचालाला मोटारीतून जाणारा नाही!

पोर्तो

वाचत होतो, आता लिहितोच. मी शहाद्याकडचा, केळीच्या गुणवत्ता तपासणीच्या कामानं एल ओरोमध्ये बराच राहिलोय. माचाला शेजारचं पुएर्तो बोलीवार बंदर, तिथून पेट्या निघतात.

पुणेकर, टोळ्यांचं आपसांतलं असतं तर मी तुमच्याशी सहमत झालो असतो. पण खंडणी सगळ्यांना लागते. केस कापणारा, कोंबडी विकणारा, बसवाला, मळेवाला. ठरलेल्या दिवशी पोरगं मोटरसायकलवर येतं आणि पाकीट घेऊन जातं. आम्ही ज्याच्याकडं जेवायचो त्या खानावळवाल्यानं एका सोमवारी शटर लावलं ते उघडलंच नाही. बायको-पोरांसह कुठं गेला ते शेजाऱ्यांनी सांगितलं नाही, आम्हीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात माचालाच्याच तुरुंगात दंगल होऊन तीसवर कैदी मेले.

केळीच्या धंद्याला तर याची थेट झळ आहे. कोकेन केळीच्या कंटेनरमध्येच लपवतात, कारण नाशवंत माल बंदरात फार वेळ अडकवून ठेवता येत नाही. पॅकहाऊसमध्ये पेट्यांचा हिशेब, कंटेनरचं सील, कोण कधी आत आलं, यावर माझा निम्मा दिवस जायचा. भाच्यानं हे आधीच विचारावं: सीलची जबाबदारी त्याच्या सहीवर आहे का? असेल तर पगार कितीही असो, नाही म्हणावं.

आणि तिथल्या बहुतेक बागा झाडाखालच्या फवाऱ्यांवर आहेत, ठिबकवाला माणूस कमीच. त्यामुळं शिकायला आणि शिकवायला दोन्ही भरपूर. माणसं फार चांगली. रविवारी मला एकट्याला जेवू दिलं नाही कधी कोणी. तुम्ही शाकाहारी असाल तर कच्च्या केळ्याच्या कुटलेल्या गोळ्यावर चीज घालून सकाळ भागते. मी त्यावर सोबत नेलेला काळा मसाला टाकायचो, शेजारी मागून न्यायचे.

भाचा

नमस्कार. मामांनी धागा काढलाय हे आईकडून कळलं, मग नवीन खातं काढलं.

पोर्तो दादा, सीलचं लक्षात आलं नव्हतं, आजच विचारतो.

मामा, तुम्ही घरची बाग, चार माणसं, ओळखीचा डॉक्टर म्हणालात. हे सगळं तुमचं आहे, माझं अजून व्हायचंय. वय २८. गेल्या वर्षभरात जेवढी स्थळं बघितली तिथं पहिला प्रश्न नोकरी कुठं आणि दुसरा पुण्यात फ्लॅट आहे का. ठिबकचं काम म्हटलं की मुलीचे वडील समजतात मी नळ्या अंथरतो. राहणीमानाच्या तुमच्या यादीत हे कुठं बसतं? दोन वर्षांत तिकडं जे उरेल ते इथं उरायला मला सहा-सात वर्षं लागतील. मला इक्वेडोरमध्ये राहायचं नाहीये, तिथून परत यायचंय.

कापूसकोंड्या

भाऊ, परत येताना वहिनी तिकडचीच आणू नको. बहिणाबाईंच्या जिल्ह्यात स्पॅनिशमधून ओव्या ऐकाव्या लागतील.

भरीतप्रेमी

आणली तर आणली. कळण्याची भाकरी थापता आली म्हणजे झालं.

सातपुडा

भाच्याचं म्हणणं बरोबर आहे. आपण देशांची तुलना करत बसलो, तो स्वतःच्या दोन वर्षांची करतोय. फक्त एक विचारतो, हीच नोकरी टांझानिया किंवा व्हिएतनाममध्ये मिळते का बघितलंस? ठिबकवाले तिकडंही लागतात. पगार कमी असेल, पण आईला झोप येईल.

मृगबाग

सगळ्यांचे आभार. काल रात्री बहिणीला पोर्तोंचा प्रतिसाद वाचून दाखवला. खंडणीचा भाग गाळून वाचणार होतो, तिनं फोन हातातून घेतला आणि सगळं वाचलं. मग म्हणाली, त्या खानावळवाल्याच्या मुलांचं काय झालं असेल? जायला नको असं मात्र म्हणाली नाही. सीलचं उत्तर लेखी आलं, दुसरं म्हणजे राहायची सोय मळ्यावर न करता शहरात झाली, तर हो म्हणायचं असं ठरतंय. रानफूल ताई, सुटे डॉलर इथून न्यावेत का?

रानफूल

हो दादा. एक, पाच आणि दहाच्याच नोटा मागून घ्या, जुन्या-फाटक्या नकोत. आणि छोटा प्रेशर कुकर द्या. माचालाला डाळ शिजेल हो, पण कधी क्विटोकडं बदली झाली तर त्या उंचीवर कुकरशिवाय तूरडाळ दोन तास हलत नाही.

तापीकाठ

भाचेबुवा, गेल्यावर माझं एक काम. तिथल्या पाच-दहा एकरवाल्या शेतकऱ्याला विचार, पेटीमागं हातात खरे किती पडतात. सरकारी ७.२५ नको, मजुरी, खोकं, औषध आणि ते मोटरसायकलवालं पाकीट वजा जाता किती. मी इकडं माझ्या मृगबागेचा (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीचा) हिशेब काढून ठेवतो, मग मास्तर आणि मी भांडू.